शाळेसाठी दोन चुली

फाल्गुनातली अष्टान्हिका संपली आणि दुसऱ्याच दिवशी सूनबाईने विषय काढला. "आई, छकुलीला यंदा पहिलीत घालायचं आहे. बालाघाटला एखादी खोली बघू या का? मी राहीन तिच्याजवळ. हे इथं दुकान बघतील."

मी गहू निवडत होते. हात थांबले. 2001 साली याच ओसरीवर, जवळजवळ याच शब्दांत, मी माझ्या सासूबाईंना हेच विचारलं होतं.

परसवाडा म्हणजे बालाघाट जिल्ह्यातलं तहसिलीचं गाव. भोवती जंगल, गोंड-बैगांची वस्ती. बाजाराच्या दिवशी गर्दी, एरवी सगळं शांत. आमचं कापडाचं दुकान. माझं माहेर गोंदियाचं. नागपूर विद्यापीठाची बी.ए. होऊन मी या घरात आले, तेव्हापासूनच मनात पक्कं होतं की मुलांना चांगल्या शाळेत घालायचं.

लेक पाचवी पास झाली, मुलगा तिसरीत जायचा होता. तीन वाटा दिसत होत्या. पहिली नवोदयची. जिल्ह्यातलं नवोदय विद्यालय वारासिवनीला, सहावीला परीक्षेने प्रवेश, राहणं-खाणं सरकारचं. लेकीने परीक्षा दिली, नंबर लागला नाही. खरं सांगायचं तर मला थोडं हायसंच वाटलं. सूर्यास्तानंतरचं जेवण, बटाटा-कांदा, हे सगळं दहा वर्षांच्या पोरीने एकटीने कसं निभवावं?

दुसरी वाट गोंदियाची. आई-वडील तिथे, बालाघाटहून छोटी लाईन होतीच. पण मध्ये राज्याची सीमा. सासऱ्यांच्या लहानपणी नागपूर आपली राजधानी होती, तिकडे शिकायला जाणं म्हणजे परराज्यात जाणं नव्हतं. 1 नोव्हेंबर 1956 ला विदर्भ मुंबई राज्यात गेला, बालाघाट मध्य प्रदेशात राहिलं. तेव्हापासून बोर्ड वेगळं, शाळेची भाषा वेगळी, आणि पुढे कॉलेजच्या प्रवेशाला दाखला कुठला लावायचा हा घोळ. उरलं बालाघाट.

मी शाळा बघायला गेले. फी विचारली, ड्रेस विचारला, इंग्रजी कितवीपासून ते विचारलं. इमारत तीन मजली होती. मला तेवढं पुरलं. एका वर्गात पाच मिनिटं उभी राहिले नाही, एका मुलाची वही मागितली नाही.

खोली केली. एक पलंग, एक स्टोव्ह, पाण्याचे दोन ड्रम. महिनाभरातच लेकीची निबंधाची वही हातात आली. विषय गाय. वर्गातल्या चाळीस वह्यांत एकच गाय होती, एकाच रंगाची. बाईंनी फळ्यावर लिहिली, मुलांनी उतरवली. गणितात मात्र माझी लेक पुढे. वर्गाला पाढे तोंडपाठ होते, पण शब्दांत घातलेलं गणित आलं की सगळे अडायचे आणि ही सोडवायची. विचारलं तर म्हणाली, "आपल्या गावच्या गुरुजींनी तेंदूपत्त्यावर शिकवलं होतं ना!"

हे गुरुजी गोंडी बोलायचे. पन्नास पानांची एक गड्डी, हजार गड्ड्यांचा एक बोरा, मग तुझ्या आईने आज किती पानं तोडली, असं त्यांचं गणित चालायचं. आठ वर्षं ते माझ्या घरावरून सायकलने जात होते. मी त्यांच्या शाळेची गळकी कौलं मोजली होती, त्यांना मोजलंच नव्हतं.

आमचे हे शनिवारी रात्री शेवटच्या बसने यायचे, सोमवारी पहाटे परत. ते आले की मुलं सावरून बसायची, पुस्तक उघडायची, पाहुणे आल्यावर बसतात तशी. पलंग एकच, तो बाबांना, म्हणून मुलगा खाली झोपायचा. एका रविवारी त्याने साधेपणाने विचारलं, "पप्पा, तुम्ही कधी जाणार?" हे हसले. त्या दिवशी ते दुपारच्याच बसने गेले.

इकडे सासूबाई सत्तरीत पुन्हा चुलीपुढे बसल्या. एकदा न्हाणीत घसरल्या. मी धावत आले, पण तिसऱ्या दिवशी त्याच म्हणाल्या, "जा, पोरांची परीक्षा आहे." 2009 च्या दसलक्षणात त्या गेल्या. मी बालाघाटला होते, मुलाची तिमाही चालू होती. णमोकार मंत्र त्यांच्या कानाशी शेजारणीने म्हटला. क्षमावाणीला मी सगळ्यांची क्षमा मागितली. जिची मागायची होती ती नव्हती.

एवढं वाचून कुणी म्हणेल, मग गेलातच कशाला? तसंही नाही. लेक बारावी विज्ञान झाली, नागपूरला फार्मसी शिकली, आज स्वतःच्या पायावर उभी आहे. आमच्या जंगलपट्टीत बदलीवर आलेला विज्ञानाचा शिक्षक परत बदली करून घ्यायच्याच नादात असतो, इथे राहून तिला ते जमलं नसतं. मुलगा मात्र बी.कॉम. होऊन दुकानातच बसला. त्याचंही काही वाईट झालं नाही. फक्त तिसरीपासून त्याला बापापासून तोडायची काय घाई होती, या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. नववीला नेला असता तरी चाललं असतं.

आणखी एक सलतं, ते समाजाबद्दल. आपल्या वाडवडिलांपुढेही हाच प्रश्न होता. त्यांनी प्रत्येक आईला वेगळी खोली करायला लावली नाही, त्यांनी बोर्डिंगं काढली. कारंज्याचा महावीर ब्रह्मचर्याश्रम 1918 चा. कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात राहिलेल्या भाऊराव पाटलांनी 1919 साली रयत शिक्षण संस्था काढली, 1924 ला साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांसाठी वसतिगृह सुरू केलं. पोरांच्या ताटात अन्न पडावं म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा ठेवलं नाही. तिथे एका चुलीवर कितीतरी मुलं जेवली. आमच्या बालाघाटच्या गल्लीत माझ्यासारख्या पाच जणी होतो, पाच स्टोव्ह, पाच खोल्या, गावाकडे पाच म्हाताऱ्या. एकत्र येऊन एक वसतिगृह करावं असं आमच्यापैकी कुणालाच सुचलं नाही. पंचकल्याणकात आपल्याकडे बोली कुठवर चढते ते आपण सगळ्या जाणतो. त्यातला थोडा वाटा तालुक्याच्या ठिकाणी मुलींच्या शुद्ध जेवणाच्या वसतिगृहाला गेला तर धर्म काही कमी होणार नाही.

सूनबाईला मी हे सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "तुम्ही गेलात. मग मला का अडवता?"

प्रश्न रास्त होता. म्हटलं, "अडवत नाही ग. मी न बघता गेले, तू बघून जा."

मग आम्ही दोघी निघालो. आधी बालाघाटच्या दोन शाळा, मग गावातली. यादी तिनेच केली. दुसरीच्या पाच वह्या बघायच्या. त्यात मुलांची स्वतःची वाक्यं आहेत का? चूक झाली तर शिक्षकांनी नुसती फुली मारली की शेजारी बरोबर लिहून दिलं? वर्गात मुलं प्रश्न विचारतात का? आणि चौथा प्रश्न तिने माझ्याकडे बघून लिहिला: घरी कोण मागे राहील, किती वर्षं?

गावच्या शाळेतल्या बाई तरुण आहेत. पाचपैकी चार वह्यांत वेगवेगळी झाडं होती, एकात मोह, एकात चिंच. मोह वेचायच्या दिवसांत अर्धा वर्ग जंगलात असतो, ती अडचण त्यांनी लपवली नाही. सूनबाईने तिथेच शाळेच्या समितीची चौकशी केली. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने त्या समितीत तीन-चतुर्थांश पालक असावे लागतात आणि निम्म्या बायका. मला हे आज कळतं. ज्यांना वही तपासता येते अशा आम्ही सगळ्या गाव सोडून गेलो, मग समितीत बसून विचारणार कोण?

परतताना ती म्हणाली, "पाचवीपर्यंत इथेच ठेवू, आई. इंग्रजी मी घरी घेईन. पुढे जावं लागलं तर दुकान हलवता येतं का ते आत्तापासून बघू. जायचं तर सगळ्यांनी."

मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. निर्णय तिचा आहे. संध्याकाळ व्हायला आली होती, अन्थऊची वेळ. आत जाऊन पाच ताटं वाढली: मुलाचं, ह्यांचं, छकुलीचं आणि आम्हा दोघींची. सूर्य मावळायच्या आत सगळे जेवले, एकाच ओळीत.