पडदा काळा, खाते शाबूत

पूर्वीच्या पेढ्यांवर जमाखर्चाच्या वह्या लाल कापडात बांधून लाकडी कपाटात ठेवीत. कपाटाची किल्ली हरवली किंवा कुलूप गंजले, तर कुलूप उघडणारा माणूस बोलावला जाई. वह्या गेल्या असा आकांत कोणी करीत नसे. कपाट वेगळे आणि वही वेगळी, हे शेठजींपासून गड्यापर्यंत सर्वांना दिसत असे. जमाखर्च संगणकात गेल्यापासून हे दिसेनासे झाले. पडदा काळा झाला की हिशेबच बुडाला, अशी समजूत होते आणि त्या घाईत खरोखरच हिशेब बुडवणारी कृती हातून घडते.

जुन्या हिशेबप्रणाली सांभाळणाऱ्या पेढ्यांना हा धोका विशेष आहे. १९९०च्या दशकात डॉसवर चालणाऱ्या हिशेबप्रणाली बाजारात रूढ झाल्या. ज्यांचे चोख चालले होते, त्यांनी त्या पुढे विंडोज एक्सपीवरही चालू ठेवल्या. नंतर काळ बदलला. एक्सपीचा आधार मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ रोजी थांबवला, विंडोज ७चा १४ जानेवारी २०२० रोजी. चौसष्ट-बिट विंडोजवर डॉसकाळातील सोळा-बिट प्रणाली चालतच नाहीत. मालवणसारख्या किनाऱ्यावर तर खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस जुन्या यंत्राला फार दिवस टिकू देत नाहीत. यंत्र मोडते, प्रणाली मात्र सोडवत नाही.

यावरचा तोडगा म्हणजे आभासी संगणक, अर्थात व्हर्च्युअल मशीन. नव्या संगणकाच्या पोटात जुन्या संगणकाचे सोंग उभे करायचे आणि त्यात एक्सपी व जुनी हिशेबप्रणाली चालवायची. ही कल्पना नवी नाही. आयबीएमने मोठ्या संगणकांसाठी व्हीएम/३७० ही प्रणाली १९७२ साली आणली होती. घरगुती संगणकावर हे काम करणारी व्हर्च्युअलबॉक्स ही प्रणाली २००७पासून मोफत उपलब्ध आहे. एका पेढीच्या जागेत दुसऱ्या पेढीला पोटभाडेकरू म्हणून बसवावे, तसा हा प्रकार आहे. जागा, वीज आणि गल्ला यजमानाचा; पोटभाडेकरूला मात्र आपले दुकान स्वतंत्र आहे असेच वाटते. त्याची सगळी हार्ड डिस्क म्हणजे यजमान संगणकातील एक मोठी फाइल असते. खाते त्या फाइलमध्ये असते. दिसणारा पडदा ही केवळ तिची खिडकी.

मालवणच्या बाजारपेठेतील एका पेढीवर हा भेद ऐन हंगामाच्या अखेरीस कसाला लागला. पेढीचा व्यवहार काजू बी आणि कोकमाचा. मार्च ते मे या काळात बागायतदार माल घालतात, काहींनी आधीच उचल घेतलेली असते, आणि पाऊस सुरू होण्यापूर्वी प्रत्येकाचे खाते चुकते करायचे असते. हा सारा हिशेब आभासी संगणकातील जुन्या प्रणालीत होता. मेअखेरच्या एका सायंकाळी वादळी वारा सुटला, वीज गेली आणि इन्व्हर्टर शिट्टी देऊ लागला. मुलाने नेहमीप्रमाणे आभासी संगणक बंद न करता आहे त्या अवस्थेत जपून ठेवला. रात्री वीज आली. सकाळी यजमान संगणकाने आपली अद्ययावत आवृत्ती बसवून घेतली, आणि त्यानंतर आभासी संगणक सुरू केला तेव्हा खिडकी उघडली, पण आत केवळ काळोख. बागायतदार दारात येऊ लागले होते.

कुडाळहून आलेल्या तरुण तंत्रज्ञाने पाहणी केली आणि दिलासा दिला, “शेठ, ३१ मार्चचा स्नॅपशॉट आहे. तो परत बसवतो. पाच मिनिटांत चालू होईल.” सांगणे खोटे नव्हते. यंत्र पाच मिनिटांत चालू झालेच असते. खुर्चीवर बसलेल्या सत्तरीच्या शेठजींना स्नॅपशॉट म्हणजे काय ते ठाऊक नव्हते. त्यांनी एवढेच विचारले, “तो बसवल्यावर एप्रिल आणि मे कुठे जातात?”

त्या प्रश्नावर तरुणाचा हात थांबला. स्नॅपशॉट म्हणजे त्या क्षणीच्या डिस्कचे आणि अवस्थेचे छायाचित्र. तो परत बसवला की डिस्क त्या तारखेला जाऊन उभी राहते. नंतरच्या नोंदी पुसल्या जातात. परत बसवण्यापूर्वी चालू स्थितीचा आणखी एक स्नॅपशॉट घ्यावा का, असे प्रणाली विचारते खरी, पण घाईत ती खूण काढून टाकली तर दोन महिन्यांची उचल आणि बाकी एका टिचकीने नाहीशी होते. काटापावत्यांची चळत पेढीवर होती; त्यांवरून मालाचे वजन पुन्हा मांडता आले असते. पण कोणाला कोणत्या दिवशी किती उचल दिली, हे बहुतांशी संगणकातच होते. बाप-लेकाच्या शब्दावर उचल घेणाऱ्या बागायतदाराला “तुमचा आकडा तुम्हीच सांगा” असे म्हणण्याची पाळी आली असती. पेढीची पत तिथे मोजली जाते.

म्हणून प्रथम नक्कल झाली. आभासी संगणक पूर्ण बंद असल्याची खात्री करून त्याचे संपूर्ण फोल्डर, डिस्कची फाइल आणि स्नॅपशॉटच्या फाइलींसह, बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवण्यात आले. तासभर लागला. ती डिस्क काढून कपाटात ठेवली गेली आणि त्यानंतरच दुरुस्तीला हात घातला गेला. यजमान संगणकावर जागा शिल्लक होती. सेटिंग्ज पाहता बहुतेक कळी फिकट, न बदलता येण्याजोग्या दिसल्या. कारणाचा माग तिथेच लागला: यंत्र जपलेल्या अवस्थेत, म्हणजे सेव्ह्ड स्टेटमध्ये होते आणि आदल्या सायंकाळची ती अवस्था नव्या आवृत्तीत जागी होऊ शकत नव्हती. ती अवस्था टाकून देणे म्हणजे चालू यंत्राची वीज अचानक काढण्यासारखे. स्मृतीत असलेले आणि डिस्कवर न उतरलेले तेवढे जाते, डिस्कवरचे राहते. अवस्था टाकली. एक्सपीने डिस्कची तपासणी केली, हिशेबप्रणालीने अनुक्रमणिका पुन्हा बांधून मागितली, आणि खाती उघडली. शेवटच्या पाच नोंदी नव्हत्या. त्या काटापावत्या आणि मुनिमाच्या कच्च्या टिपणावरून भरल्या. तेरीज जुळली. बागायतदारांचे चुकते होण्यास एक दिवस उशीर झाला, इतकेच.

या हकीकतीतील कारण प्रत्येक काळ्या पडद्याचे कारण नसते. काळोखही एकाच प्रकारचा नसतो, आणि तो कोणत्या क्षणी आला यावरून दोष कुठे आहे ते बरेचसे कळते.

सुरुवातीपासूनच काही उमटले नाही, निर्मात्याचे चिन्हही दिसले नाही, तर दोष बहुधा यजमानाच्या बाजूला असतो. आभासी संगणकाला नेमून दिलेला चित्रनियंत्रक त्याच्या विंडोजला मानवत नसेल, चित्रस्मृती फार थोडी असेल किंवा त्रिमितीय वेगवर्धनाची खूण केलेली असेल. व्हर्च्युअलबॉक्सच्या डिसेंबर २०१९च्या ६.१ आवृत्तीत जुन्या व्हीबॉक्सव्हीजीए नियंत्रकाचे त्रिमितीय साहाय्य काढून टाकण्यात आले. हिशेबाला त्रिमितीय चित्रांची गरज नसते. ती खूण काढणे हा पहिला सोपा उपाय.

विंडोजचे चिन्ह दिसून मग काळोख झाला, तर यंत्र सुरू झाले आहे आणि आतील चित्रचालक अडला आहे, असे समजावे. एक्सपी किंवा विंडोज ७ असेल तर खिडकीत टिचकी मारून, सुरू होतानाच एफ८ कळ दाबून सेफ मोडमध्ये जाता येते. तिथे हिशेबाच्या फाइली दिसल्या, तर अर्धी चिंता मिटते.

काळ्या पडद्यावर नुसती रेघ लुकलुकत राहिली, तर यंत्राला आपली डिस्क सापडत नाही. डिस्कची फाइल हलवली गेली आहे का, सुरू होण्याचा क्रम बदलला आहे का, ईएफआयची खूण चुकून लागली आहे का, हे पाहावे. खिडकीच्या तळाशी डिस्कचे चिन्ह लुकलुकत असेल, तर पडदा काळा असूनही आत काम चालू आहे. अशा वेळी दहा मिनिटे हात आवरणे हाच उपाय. आणि यंत्र मध्येच थबकले असेल, तर यजमानाची डिस्क भरली आहे का ते आधी तपासावे. जागा संपली की आभासी संगणक विसाव्याला थांबतो.

बँकेत रोख जुळली नाही, तर जुना रोखपाल एका वेळी एकच बाब तपासतो आणि तपासलेल्यावर बारीक खूण करतो. येथेही तीच शिस्त हवी. एका वेळी एकच बदल करावा, तो वेळेसह कागदावर लिहावा, उपयोग झाला नाही तर पूर्ववत करावा आणि मगच दुसरा करावा. चार बदल एकदम केले, तर यंत्र चालू झाले तरी कशाने झाले ते कळत नाही, आणि बिघडले तर परतीची वाटही उरत नाही. स्नॅपशॉटच्या फोल्डरातील फाइली “जागा अडवतात” म्हणून हाताने पुसणे तर सर्वथा टाळावे. त्या फाइली एकमेकींवर रचलेल्या असतात. मधली काढली की वरची सगळी रास कोसळते.

हिशेब जपणे ही केवळ सोय नव्हे, कायद्याने घातलेले बंधनही आहे. वस्तू व सेवा कर १ जुलै २०१७पासून लागू झाला. त्या कायद्याच्या ३६व्या कलमानुसार हिशेबाची पुस्तके त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. नियम ५७ सांगतो की संगणकीय नोंदींची प्रत अशी ठेवावी, की अपघाताने किंवा नैसर्गिक कारणाने मूळ नष्ट झाले तरी वाजवी मुदतीत माहिती परत उभी करता यावी. मे २०२१मध्ये तौक्ते चक्रीवादळ या किनाऱ्याजवळून गेले, तेव्हा सिंधुदुर्गातील अनेक गावे कित्येक दिवस अंधारात होती. नैसर्गिक कारण म्हणजे काय, हे येथे कोणाला समजावून सांगावे लागत नाही.

यासाठीची व्यवस्था फार खर्चिक नाही. आभासी संगणक दर सायंकाळी आतून रीतसर बंद करावा. जपलेली अवस्था ही रात्रीपुरतीही तिजोरी नव्हे. स्नॅपशॉट ही बॅकअपची जागा घेऊ शकत नाही, कारण मूळ डिस्क मोडली तर तोही तिच्याबरोबर जातो. आठवड्यातून एकदा पूर्ण प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी आणि एक प्रत गावाबाहेर, नात्यातील एखाद्या घरी किंवा बँकेच्या लॉकरमध्ये असावी. एक्सपीला आधार उरलेला नसल्याने त्या आभासी संगणकाची इंटरनेट जोडणी काढलेली बरी. दर महिन्याची खाती आणि तेरीज साध्या, कोणत्याही संगणकावर वाचता येईल अशा स्वरूपात काढून ठेवावी. आणि जुनी प्रणाली सोडून नव्या प्रणालीत केव्हा जायचे, त्याची तारीख हंगाम संपल्यावरच्या शांत दिवसांत ठरवावी. यंत्राने ती ठरवण्याची वाट पाहू नये.

जैन परंपरेत हस्तलिखिते नुसती भांडारात ठेवली गेली नाहीत. श्रुतपंचमीला आणि ज्ञानपंचमीला ती बाहेर काढून झटकली गेली, पाहिली गेली, आणि जीर्ण झालेल्यांच्या नव्या प्रती लिहविल्या गेल्या. म्हणूनच शेकडो वर्षांचे लेखन आज वाचता येते. दिवाळीच्या वहीपूजनाला आता अनेक घरी वहीशेजारी संगणकालाही कुंकू लागते. त्याच दिवशी कपाटातील प्रत काढून दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी आणि एखाद्या खात्याची बाकी मूळ खात्याशी ताडून घ्यावी. जी प्रत कधी उघडून पाहिली नाही, तिच्यावर पेढीने विसंबू नये.