रँग्लर आणि परतीचं तिकीट

केंब्रिजमध्ये माणूस आधी आपल्या कॉलेजचा, मग विद्यापीठाचा! रघुनाथराव परांजपे सेंट जॉन्सचे. १८९९ साली सीनियर रँग्लर झालेले पहिले भारतीय. जयंत नारळीकर फिट्झविल्यमचे, पुढे किंग्जचे फेलो. नामवंतांच्या यादीत कॉलेजचं नाव लिहिलं की काम संपतं. मला मात्र त्यानंतरचा भाग मोठा वाटतो. परांजपे परत येऊन फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायला लागले. नारळीकर १९७२ला मुंबईत टीआयएफआरमध्ये आले, १९८८ला पुण्यात आयुका उभी केली.

इकडे माझा ऑनसाइट एक्स्टेन्शनचा फॉर्म आठवडाभर तसाच पडलाय. आई फोनवर विचारते, "कधी येतोयस रे?" रँग्लर होण्याएवढी आपली बुद्धी नाही, मान्य. पण मंडळी, परत यायला रँग्लर कुठे व्हावं लागतं?