राणीच्या बागेतले बिऱ्हाडकरू

मुंबईला वसंत नाही असे पुणेकर म्हणतात, आणि मुंबईकरांनाही त्याचा फारसा विषाद वाटत नाही. आमच्या चाळीत कोकीळ पहाटे साडेचारला सुरू झाला की लोक त्याच्या नावाने बोटे मोडीत खिडकी लावून घेतात. मी महाविद्यालयात मराठी शिकवतो. वसंतवर्णनाचे रसग्रहण दरसाल मुलांना समजावून देतो, पण ते पंख्याखाली आणि घाम पुशीत. तरीसुद्धा सांगतो, मुंबईत वसंत आहे. भायखळ्याला त्याची कचेरी आहे. कागदोपत्री तिचे नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान; लोकांच्या तोंडी मात्र राणीची बाग ती राणीची बागच. बुधवारी ही कचेरी बंद असते. एरवी कोणीही जावे.

गेल्या चैत्रात आम्ही गेलो तो रविवार होता, आणि जायचे मुळीच ठरले नव्हते. ठरले होते ते माळा उतरवायचे. लालबागची आमची चाळ पुनर्विकासात निघाली होती. मेअखेर खोल्या रिकाम्या करून द्यायच्या आणि नवी इमारत उभी राहीपर्यंत बदलापूरला भाड्याने राहायचे. ‘तीन वर्षं’ असे बिल्डर म्हणाला. ते ऐकून चाळीतल्या म्हाताऱ्यांनी आपापली वये मोजली.

सौभाग्यवती सकाळच्या गाडीने बदलापूरचे घर झाडून घ्यायला गेली होती. आई वडिलांची पत्र्याची ट्रंक उघडून बसली होती. वडील गिरणीत होते; १९८२ च्या संपानंतर ते पुन्हा खात्यात गेले नाहीत, पण गिरणीचा पास त्यांनी जपून ठेवला होता. तो पास ठेवायचा की टाकायचा, ह्यावर आमचा अर्धा तास गेला. मुग्धा आठवीत. शाळा सुटणार म्हणून ती दोन दिवस कोणाशीच धड बोलत नव्हती. आणि सात वर्षांचा बंडू रिकाम्या खोक्यात बसून मोटार चालवीत होता. त्याने मोटार थांबवून विचारले,

“आजी, बदलापूरला राणीची बाग आहे?”

कोणी काही बोलले नाही. आईने ट्रंक लावली, आत जाऊन लुगडे बदलले आणि बाहेर येऊन म्हणाली, “चला. माळा कुठे पळून जात नाही.”

बसने गेलो. ही बाग १८६२ साली लोकांसाठी उघडली आणि व्हिक्टोरिया राणीचे नाव तिला मिळाले, म्हणून ती राणीची. दाराशीच डॉ. भाऊ दाजी लाड ह्यांच्या नावाचे वस्तुसंग्रहालय आहे. ते १८७२ सालचे; भाऊ दाजींचे नाव त्याला १९७५ मध्ये मिळाले. आत जायचा मुलांना धीर नव्हता. बंडूला बाहेरचा दगडी हत्ती दिसला होता.

हा हत्ती पुष्कळांनी पाहिलेला असतो, पण तो कोण हे फार थोड्यांना ठाऊक असते. घारापुरीच्या बेटावर हा उभा होता. त्याच्याचवरून पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटले. १८१४ साली त्याची मान आणि डोके गळून पडले, पुढे धडही कोसळले. १८६४ साली ते तुकडे बोटीने मुंबईला आणले आणि कित्येक वर्षांनी जुळवून हा हत्ती पुन्हा उभा केला. नाव बेटाकडे राहिले आणि हत्ती भायखळ्याला आला. त्याच्या अंगावरचे सांधे अजून दिसतात. बंडू त्याच्याभोवती दोनदा फिरला.

“ह्याला परत तिकडे नेणार?”

“नाही रे. आता तो इथलाच.”

“पण त्याला विचारलं होतं का?” हा प्रश्न मुग्धाचा. दोन दिवसांतले तिचे पहिले पूर्ण वाक्य. मी उत्तर द्यायच्या भरीस पडलो नाही.

पुढे घोडा भेटला. हा खरा काळा घोडा. सातवा एडवर्ड युवराज असताना मुंबईला येऊन गेला, त्याची आठवण म्हणून सॅसून घराण्याने हा अश्वारूढ पुतळा दिला. मुंबईकरांनी राजाकडे दुर्लक्ष करून चौकाला नाव दिले ते घोड्याचे! १९६५ साली पुतळा तिथून हलवून बागेत आणला. घोडा गेला तरी चौक काळा घोडाच राहिला. शेवटी २०१७ साली लोकांनी त्या भागात दुसरा घोडा उभा केला, त्याच्यावर स्वार नाही. ह्या व्यवहारात मला तरी मुंबईचा शहाणपणा दिसतो.

आईने हा घोडा मूळ जागी पाहिलेला. लहानपणी ती वडिलांबरोबर ट्रामने फोर्टात जायची. (मुंबईची ट्राम १९६४ मध्ये बंद झाली.) ती म्हणाली, “तेव्हा हा केवढा उंच वाटायचा. आता मान मोडत नाही बघताना.” मग थोडे थांबून, “मीच मोठी झाले असेन.”

पेंग्विन पाहायला ही मोठी रांग होती. २०१६ साली सोलहून आठ पेंग्विन इथे आणले. त्यांचे मूळ घर दक्षिण अमेरिकेचा पेरू-चिलीचा किनारा. बाहेर अंगाची लाही होते आहे आणि काचेपलीकडे मंडळी गारव्यात झुलत चालली आहेत. बंडूला तिथून उचलूनच आणावे लागले. त्यांना मराठी समजते का, एवढीच त्याची शंका होती.

पण मला ज्यासाठी लिहायला बसावेसे वाटले ती झाडे. राणीच्या बागेत लोक वाघ पाहायला येतात आणि झाडांच्या सावलीत बसून वाघाच्या गोष्टी करतात. झाडाकडे मान वर करून पाहणारा विरळाच. इथे देशोदेशीची झाडे आहेत. २००७ साली बागेचा कायापालट करून परदेशी धर्तीचे प्राणिसंग्रहालय करायची योजना निघाली, तेव्हा झाडांवर कुऱ्हाड येईल म्हणून काही नागरिकांनी नेटाने विरोध केला. झाडांना संपावर जाता येत नाही. कोणीतरी त्यांच्या वतीने भांडावे लागते.

कैलासपती दक्षिण अमेरिकेचा. त्याची फुले फांदीच्या टोकाला येत नाहीत, थेट खोडातून फुटतात. आईने एक पडलेले फूल उचलून तळहातावर घेतले. मधे पिंडी, वर फण्यासारखे छत्र. तिने नकळत हात जोडले. ह्या देवाची मूळ वस्ती सातासमुद्रापलीकडची, हे मी तिला सांगितले नाही. सांगितले असते तरी तिचे काही अडले नसते.

आणि उर्वशी! ही ब्रह्मदेशची. इंग्रजांनी एका गव्हर्नर जनरलच्या बायकोचे, लेडी ॲम्हर्स्टचे नाव शास्त्रीय भाषेत तिला दिले. आपल्या लोकांनी स्वर्गातले शोधून काढले. हंगाम सरत आला होता, तरी एका फांदीवरून दोन घोस लोंबत होते. झुंबरासारखे, लाल, पाकळीच्या टोकाला पिवळा ठिपका. तिची कोवळी पाने जांभळट तपकिरी असतात आणि वाळत घातलेल्या ओल्या रुमालासारखी खाली लटकतात. बंडूला वाटले झाड आजारी आहे. मुग्धाने एक पान बोटावर धरून पाहिले. “आजारी नाहीये, नवीन आहे,” ती म्हणाली, आणि वही नव्हती म्हणून बसच्या तिकिटामागे घोसाचे चित्र काढू लागली. आम्ही तिघे तिथे अर्धा तास उभे होतो. एवढा वेळ आमच्या घरात कोणी गप्प उभे राहिल्याचे मला आठवत नाही.

उन्हे उतरता उतरता गोरखचिंचेपाशी आलो. आफ्रिकेचे हे झाड. पिंपासारखे फुगलेले खोड, त्यात पाण्याचा साठा, आणि वर चैत्रातही एक पान नाही. साऱ्या बागेला पालवी फुटलेली असताना हा आपला उघडा! जवळच एक माळी नळी गुंडाळीत होता. आईने त्याला हटकले.

“दादा, हे वाळलंय का?”

“वाळतंय कुठलं, आजी! त्याचा हिशेब वेगळा. पाऊस पडू द्या, मग बघा पानं. जूनात या.”

आई म्हणाली, “जूनात आम्ही बदलापूरला.”

माळ्याने नळी खांद्यावर टाकली. “मग भायखळ्याला उतरायचं. मीसुद्धा अंबरनाथहून येतो रोज.”

“किती वाजताच्या गाडीनं?” मुग्धाने विचारले, आणि माळ्याने सांगितलेली वेळ तिकिटावर, उर्वशीच्या घोसाखाली, टिपून घेतली.