बाई घरी यायच्या तेव्हा

पनवेल तेव्हा मुंबईच्या हिशेबात नव्हतं. जिल्ह्याचं नाव कुलाबा होतं, त्याचा रायगड व्हायला १९८१ उजाडावं लागलं. लोकल तर १९९८ मध्ये आली. त्याआधी दिव्याची पॅसेंजर आणि एस.टी. स्टँड, एवढाच आमचा जगाशी संबंध. पुण्याच्या, गोव्याच्या, अलिबागच्या गाड्या थांबायच्या, प्रवासी चहा प्यायचे, गाडी निघून जायची आणि गाव होतं तिथेच राहायचं. भाताच्या गिरण्यांची धडधड, धूतपापेश्वरचा कारखाना, वडाळे तळं आणि दक्षिणेला कर्नाळ्याचा अंगठा. ‘आंतरराष्ट्रीय’ हा शब्द रेडिओवरच्या बातम्यांत ऐकू यायचा. त्या शब्दाचा आणि पोरीबाळींचा काही संबंध असू शकतो, असं कुणी म्हटलं असतं तर आम्ही हसलो असतो.

आठवीचा आमचा वर्ग जूनमध्ये भरलेला असायचा आणि दिवाळीनंतर विरळ व्हायचा. कुणाची आई बाळंतीण, कुणाला धाकटी भावंडं सांभाळायची, कुणाच्या घरी भातकापणी. एखादीचं लग्न ठरलेलं असायचं. तिचं नाव हजेरीत आणखी काही दिवस पुकारलं जायचं. मग एके दिवशी बाई त्या नावावर क्षणभर थांबायच्या आणि पुढे जायच्या.

त्या थांबण्याचा अर्थ आम्हाला माहीत होता. शाळा सुटली की बाई त्या मुलीच्या घरी जाणार. सुती पातळ, लांब दांड्याची काळी छत्री, खांद्याला कापडी पिशवी. गाढी नदीपलीकडच्या एका गावात त्यांच्याबरोबर मीही गेले होते, कारण ती मुलगी माझी मैत्रीण होती. बाई ओसरीवर टेकल्या, पाणी प्यायल्या, भात कसा झाला ते विचारलं, म्हशीची चौकशी केली. शाळेचा विषय काढायला त्यांनी चांगला अर्धा तास घेतला.

“बाई, पोरीला लय शिकवून काय करायचा? शेवटी चूलच फुकायची हाय,” वडील म्हणाले.

“चूल फुंकेलच की. पण रेशनच्या दुकानात पावतीवर काय लिहिलंय ते वाचून फुंकेल,” बाई म्हणाल्या.

दाराआडून मैत्रिणीची आई हसली. बहुधा त्या हसण्यानंच काम झालं. “मॅट्रिकपर्यंतच हां,” असा तह ठरला. त्याच गावातल्या दुसऱ्या एका घरी मात्र बाईंना पाणीसुद्धा विचारलं गेलं नाही, आणि ती मुलगी परत वर्गात आली नाही.

१९७८ मध्ये मुलींच्या लग्नाचं किमान वय १५ वरून १८ झालं. बाईंनी कायद्याचं नाव कधी काढल्याचं मला आठवत नाही. लग्नपत्रिका छापताना नवरीचं वय विचारायची रीत नव्हती आणि पोलिसात जाणं म्हणजे गावाशी वैर. जे काही व्हायचं ते ओळखीवर, शब्दावर, बाईंच्या मानावर.

त्या दिवसांबद्दल मन हळवं होतं, ते खोटं नाही. आमच्या बाईंना प्रत्येक मुलीची आळी, घर, आजारी आजी, सगळं ठाऊक होतं. पण आठवणींवर साखर पेरताना एवढं ध्यानात ठेवावं, की ती सारी व्यवस्था एका बाईच्या पायांवर उभी होती. त्या निवृत्त झाल्या आणि ओसरीवर जाणारं कुणी उरलं नाही. शिवाय काही गोष्टी ओसरीवर बोलताच येत नसत. पाळी हा विषय नव्हता. नात्यातल्या कुणाच्या नकोशा हाताबद्दल मुलीनं सांगायचं कुणाला, हा तर प्रश्नच नव्हता, कारण तो कुणी विचारतच नव्हतं.

पुढे मी स्वतः शिक्षिका झाले, थोडं वाचलं, तेव्हा कळलं की दूरदेशीच्या माणसांनी मराठी मुलींची बाजू घेण्याची गोष्ट शंभर वर्षं जुनी आहे. लहानपणी लावून दिलेल्या नवऱ्याकडे जायला रखमाबाईंनी नकार दिला. १८८७ मध्ये न्यायालयानं ‘नांदायला जा, नाहीतर तुरुंगात जा’ असं सांगितल्यावर त्यांनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. त्यांच्यासाठी मुंबईत आणि इंग्लंडमध्ये माणसं एकत्र आली, आणि त्याच मदतीवर त्या लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या. १८८७ च्याच डिसेंबरात बोस्टनमध्ये पंडिता रमाबाईंच्या कामासाठी रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. अमेरिकेत ठिकठिकाणी ‘रमाबाई सर्कल’ नावाची मंडळं निघाली आणि त्यांच्या वर्गणीतून ११ मार्च १८८९ रोजी त्यांचं शारदा सदन हे विधवांसाठीचं विद्यालय मुंबईत सुरू झालं. तिथल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी कोण? आपल्याच कोकणातल्या देवरुखच्या गोदूबाई, पुढच्या आनंदीबाई कर्वे. बोस्टनच्या बायकांनी देवरुख नकाशावरही पाहिलं नसेल.

१९२७ मध्ये पुण्यात अखिल भारतीय महिला परिषद भरली, त्यामागे मूळच्या आयरिश मार्गारेट कझिन्स होत्या. विषय मुलींच्या शिक्षणाचा होता, पण शिक्षण म्हटलं की बालविवाह आडवा येतोच. परिषदेनं तो हाती घेतला आणि १९२९ च्या बालविवाह रोखणाऱ्या सारडा कायद्यासाठी जोर लावला. म्हणजे आमच्या बाई ज्या १८ वर्षांच्या कायद्याचं नाव घेत नव्हत्या, त्याच्या मुळाशीही बाहेरच्या आणि इथल्या बायकांची एकजूट होतीच. गावापर्यंत तिची वार्ता पोचली नव्हती, इतकंच.

ती पोचायला लागली १९९० च्या आसपास. सार्क देशांनी ते वर्ष बालिका वर्ष म्हणून जाहीर केलं. आदल्या वर्षी संयुक्त राष्ट्रांनी बालहक्क संहिता मंजूर केली होती, भारतानं ती १९९२ मध्ये स्वीकारली. शिक्षकांच्या प्रशिक्षणात आम्हाला हे कागद वाचून दाखवत आणि आम्ही मागच्या बाकांवर डुलक्या काढत असू. मग मीना आली. युनिसेफसाठी आपल्या राम मोहन यांनी साकारलेली कार्टून चित्रपटातली मीना, तिचा भाऊ राजू आणि मिठू पोपट. भावाला मोठा आंबा आणि आपल्याला छोटा का, असं विचारणारी मीना वर्गात दाखवली तेव्हा एक मुलगी पटकन म्हणाली, “आमच्याकडं तर अंडं.” सगळा वर्ग हसला. त्या हसण्यात राग होता, हे मला घरी जाताना उमगलं. साऱ्या संहितेनं जे मला सांगितलं नव्हतं ते त्या एका अंड्यानं सांगितलं.

१९९५ च्या बीजिंगच्या जागतिक महिला परिषदेत बाराव्या आणि शेवटच्या विषयात ‘मुलगी’ वेगळी मांडली गेली. तोवर जागतिक ठरावांत ती स्त्रियांच्या पोटात किंवा बालकांच्या गर्दीत हरवायची. तिला वेगळा विषय मिळावा म्हणून आफ्रिकेतल्या स्त्री-संघटनांनी आधीपासून जोर लावला होता. आणि प्रवाह एकाच दिशेनं वाहतो असंही नाही. १०९८ ही मुलांची हेल्पलाइन १९९६ मध्ये मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेचा प्रकल्प म्हणून जेरू बिलिमोरिया यांनी सुरू केली, आणि त्याच अनुभवातून २००३ मध्ये देशोदेशींच्या हेल्पलाइनची आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली. मुंबईतल्या रस्त्यावरच्या पोरांनी जगाला एक धडा दिला, असं म्हणायला हरकत नाही.

२०११ च्या सप्टेंबरात ‘गर्ल्स नॉट ब्राइड्स’ ही आघाडी निघाली. आज तिच्यात शंभराहून अधिक देशांतल्या हजाराहून अधिक संस्था आहेत. पैठण तालुक्यातल्या पाचोडची आरोग्य व्यवस्थापन संस्था त्यांतलीच. तिथे किशोरींचे जीवनकौशल्याचे वर्ग झाले आणि मुलींच्या लग्नाचं वय साधारण वर्षभरानं पुढे गेलं. एक वर्ष! ऐकायला क्षुल्लक वाटतं. पण सोळाव्या वर्षी बाळंतपण आणि सतराव्या वर्षी बाळंतपण यांतला फरक सुईणींना विचारावा. २०११ च्याच १९ डिसेंबरला संयुक्त राष्ट्रांनी ११ ऑक्टोबर हा आंतरराष्ट्रीय बालिका दिन ठरवला. त्यामागे प्लॅन इंटरनॅशनलची मोहीम, कॅनडा सरकारचा प्रस्ताव आणि न्यूयॉर्कमधल्या स्वयंसेवी संस्थांचा तगादा होता. पहिल्या वर्षीचा विषयच बालविवाह.

आता पनवेल २०१६ पासून महानगरपालिका आहे. शेतं होती तिथे इमारती आणि विमानतळ. गावातल्या मुली सायकलवर, स्कूटीवर, लोकलनं कॉलेजला जातात. तालुक्यातल्या एका शाळेत अलीकडे ११ ऑक्टोबरला बोलावणं आलं. भिंतीवर तक्रारपेटी, तिच्याखाली १०९८, बाजूला मुलींच्या सुरक्षेसाठीच्या सखी सावित्री समितीच्या सदस्यांची नावं. मीना-राजू मंचाची प्रमुख सातवीतली एक चुणचुणीत मुलगी. पेटीत काय काय येतं, असं मी विचारलं.

“ते सांगायचं नसतं, आजी. गोपनीय असतं,” ती म्हणाली.

मला तिचा हेवा वाटला. आमच्या काळी मुलीजवळ गुपितं पुष्कळ होती, पण ती राखायला दुसरं कुणी नव्हतं.

तरी ‘आता’लाही फार डोक्यावर घेऊ नये. तेव्हा मुलगी नकोशी असली तरी जन्माला यायची. नंतर सोनोग्राफीनं तेही तिच्या हातून काढून घेतलं. शून्य ते सहा वयोगटातल्या दर हजार मुलग्यांमागे महाराष्ट्रात १९९१ मध्ये ९४६ मुली होत्या, २००१ मध्ये ९१३, २०११ मध्ये ८९४. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा १९८८ मध्ये महाराष्ट्रानंच केला, तोही मुंबईतल्या कार्यकर्त्यांच्या फोरमनं पाठपुरावा केला म्हणून. कायदा आधी आला आणि आकडा त्यानंतरही घसरत राहिला.

आणि २०११ मध्ये आमच्याच तालुक्यातल्या एका बालगृहातल्या गतिमंद मुलींवरचे अत्याचार उघडकीला आले. २०१३ मध्ये संस्थाचालकासह काही जणांना शिक्षा झाली. गावाची नजर मुलींची राखण करते, ही आमची लाडकी समजूत त्या दिवशी मोडली. ज्या मुलींना बोलता येत नव्हतं, ज्यांची विचारपूस करणारं घर नव्हतं, त्यांच्यापर्यंत गावाची नजर पोचलीच नव्हती. तिथे नोंदी हव्या होत्या, न सांगता होणारी तपासणी हवी होती, बाहेरचा माणूस हवा होता. बालहक्कांच्या रूक्ष कागदांत नेमकं हेच लिहिलेलं असतं. प्रशिक्षणातल्या त्या डुलक्या मला आता परवडत नाहीत.

मग तेव्हाचं बरं की आताचं? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी सांगते, की महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी १८ च्या आत लग्न झालेल्या २०१५-१६ मध्ये २६.३ टक्के होत्या, २०१९-२१ मध्ये २१.९ टक्के. म्हणजे उतार आहे, पण अजून पाचांतली एक. ती पाचवी कुठे असते, हे रायगडात राहणाऱ्याला सांगावं लागत नाही. दिवाळी झाली की कातकरी वाड्यांवरची कुटुंबं वीटभट्ट्यांवर निघतात, ती पावसाच्या तोंडावर परततात. मधल्या काळात मुलगी शाळेच्या पटावर असते आणि भट्टीवर विटा वाहत असते. तिच्यासाठी हंगामी वसतिगृहाची सोय कागदावर आहे, ग्रामसेवकाला बालविवाह थांबवण्याचा अधिकार आहे, न्यूयॉर्कला तिच्या नावाचा दिवस आहे. ह्यातलं काहीच आमच्या बाईंजवळ नव्हतं.

पण ठरावाला पाय नसतात. बोस्टनच्या वर्गणीलाही रमाबाईंची पायपीट लागली आणि मीनालाही चित्रपट दाखवणारी बाई लागली. नव्या पिढीतल्या शिक्षकांना, अंगणवाडी सेविकांना मी एवढंच सांगते, की आम्हाला जे शब्दावर आणि मानावर मागावं लागायचं ते तुम्ही हक्कानं मागू शकता. हा फरक फार मोठा आहे, तो मिळवायला जगभरच्या बायकांना शंभर-सव्वाशे वर्षं लागली. तेव्हा पटावरचं नाव सलग आठवडाभर गैरहजर दिसलं तर हजेरीच्या ॲपमध्ये नोंद जरूर करा, आणि मग चप्पल घालून भट्टीवर जा.