हजारातली एक

७८६ने संपणारी नोट दुर्मीळ नसते. नोटांचा क्रमांक एका मालिकेत ०००००१पासून दहा लाखांपर्यंत चालतो. त्यात शेवटचे तीन अंक ७८६ असलेल्या नोटा बरोबर एक हजार निघतात. म्हणजे दहा कोऱ्या गड्ड्यांचं सलग बंडल घेतलं की त्यात एक असायचीच. तरीही ऑनलाइन तिला छापील किमतीच्या कित्येक पट भाव मागतात आणि कधीकधी तो मिळतोही. घेणाऱ्याला हिशेब नको असतो, शुभ आकडा हवा असतो. ईदला द्यायला, दुकानाच्या गल्ल्यात ठेवायला. त्यात गैर काही नाही. विकणाऱ्याने मात्र आपण श्रद्धा विकतोय की दुर्मीळता, हे स्वतःशी स्पष्ट ठेवावं. ११११११ किंवा ७७७७७७ अशा ‘सॉलिड’ नोटा दहा लाखांत फक्त नऊ. ७८६७८६ एकच. तिथे भाव चढला तर त्याला आधार आहे.

नोकरी सांभाळून मी नोटा विकण्याचा उद्योग करतो, म्हणून ओळखीचे लोक विचारतात, ‘यात सुटतं का काही?’ त्यांनी साइटवर भाव पाहिलेले असतात. ते भाव मागणाऱ्याचे. नोट प्रत्यक्षात कितीला गेली, हे त्यात दिसत नाही. महिनोन्‌महिने त्याच भावाला तीच नोट लटकलेली असते आणि तिच्याकडे बघून दुसरा आपला भाव ठरवतो.

समजा, दहाची स्टार नोट, म्हणजे खराब झालेल्या नोटेच्या बदली छापलेली, साठ रुपयांना गेली. नोटेचे दहा वजा करा, मग टपाल, पुठ्ठा, प्लास्टिकचं पाकीट आणि साइटचं कमिशन. हातात उरतात ते एका वडापावाचे पैसे, आणि त्यासाठी फोटो काढणं, प्रश्नांना उत्तरं देणं, पोस्टाच्या रांगेत उभं राहणं आलंच. याला मी नफा म्हणत नाही, मजुरी म्हणतो. मजुरीही तेव्हाच पडते, जेव्हा एका पाकिटात दहा-बारा नोटा जातात. म्हणून सुट्या नोटा विकणं मी सोडून दिलं. आता संच लावतो.

संच लावण्यात या कामाची खरी गंमत आहे. दहाची नोट घ्या. १९९६च्या गांधी मालिकेपासून तिच्यावर सी. रंगराजन, बिमल जालान, रेड्डी, सुब्बाराव, राजन, ऊर्जित पटेल अशा गव्हर्नरांच्या सह्या बदलत गेल्या. २००५पासून मागे छपाईचं वर्ष आलं. क्रमांकाच्या पट्टीत फिकट अक्षर असतं, ते ‘इनसेट’. कधी तेही नसतं, तिला ‘प्लेन’ म्हणतात. सही एक, वर्ष एक, पण इनसेट वेगळा, की संग्राहकाच्या लेखी नोट वेगळी. त्यात २००६पासून स्टार. पूर्वी छपाईत खराब झालेल्या नोटेच्या जागी त्याच क्रमांकाची दुसरी छापत. आता स्टारवाली घालतात. अशा गड्डीत नोटा शंभरच, पण क्रमांक सलग नसतात आणि वेष्टनावर तसं लिहिलेलं असतं. कॅशियरची ओळख असेल तर तो ही गड्डी बाजूला ठेवतो. त्यातल्या उरलेल्या कोऱ्या दहा-दहाच्या नोटांवर आमचा भाजीवाला आणि रिक्षावाले फार खूश असतात. ५००च्या नोटेत २०१६च्या डिसेंबरात स्टार आला, पण अशी प्रत्येक नोट अडवून ठेवायची म्हणजे पाचशे रुपये बिनव्याजी झोपवणं.

बाकी सगळं कागदावर ठरतं. यूएनसी, म्हणजे एकदाही न वापरलेली नोट, असं लिहायला काही लागत नाही. मी नोट दिव्याखाली तिरकी धरतो. मोजताना मधोमध पडलेली हलकी लाट समोरून दिसत नाही, तिरक्या उजेडात लगेच दिसते. इस्त्री केलेली नोट सपाट असते, पण तिचा कडकपणा गेलेला असतो. छपाईचा उठाव बोटाला लागत नाही. धुतलेली तर जास्तच स्वच्छ दिसते, तोच तिचा दोष. आणि आपला पावसाळा! साध्या पीव्हीसीच्या पाकिटात ठेवलेली नोट दोन-तीन पावसाळ्यांत चिकट होते. पॉलिएस्टरची पाकिटं महाग पडतात, पण तिथे काटकसर करू नये. पीएमजीसारख्या अमेरिकी संस्था ७० गुणांच्या पट्टीवर नोट तोलून सीलबंद करून देतात, पण त्यांची फी दहाच्या नोटेला झेपत नाही.

एका गिऱ्हाईकाने तक्रार केली होती, ‘सर, भोकं पडलेली नोट पाठवलीत.’ नोट नव्वदच्या दशकातली होती. तेव्हा गड्डीला स्टेपल मारत; रिझर्व्ह बँकेने बँकांना ते २००१मध्ये थांबवायला सांगितलं. त्या काळच्या कोऱ्या नोटेला भोकं असायचीच. आता वर्णनात भोकांचा वेगळा फोटो टाकतो. तक्रारी थांबल्या आणि भाव एक पैसाही उतरला नाही.

एक रुपयाची नोट मात्र वेगळी. ती रिझर्व्ह बँकेची नसते, भारत सरकारची. सही वित्त सचिवाची. १९९४मध्ये छपाई बंद झाली, २०१५मध्ये राजीव महर्षींच्या सहीने पुन्हा सुरू झाली. व्यवहारात ती फारशी दिसत नाही. पैसे अडकतात ते रुपयातच, आणि लग्नाच्या आहेरासाठी मागणारे बारा महिने असतात. माझ्या मजुरीचा मोठा वाटा तिच्यातूनच निघतो.

२०१६मध्ये रद्द झालेल्या जुन्या ५०० आणि १०००च्या नोटांना मी हात लावत नाही. २०१७च्या कायद्याने त्या एकूण दहा, आणि अभ्यास, संशोधन वा नाणकशास्त्रासाठी पंचवीसपर्यंतच बाळगता येतात. एवढ्यात दुकान कसलं मांडणार? दोन हजाराची चलनातून काढली, पण कायदेशीर आहे. ती सांभाळणारे दोन हजार रुपये अडकवून बसलेत.

आणि ट्रॅक्टरवाली पाचाची नोट. आठवड्याला एखादा फोन येतोच, ‘माझ्याकडे आहे, लाखाला जाते म्हणे.’ अशा जाहिराती देणारे आधी नोंदणी फी उकळतात. आपण असा व्यवहार करत नाही आणि कसलं कमिशनही मागत नाही, असं रिझर्व्ह बँकेने २०२१च्या ऑगस्टमध्ये जाहीर केलं होतं. मी सांगतो, ‘काका, कडक असेल तर पाचाचे थोडे जास्त देईन, पण आगाऊ पैसे कोणालाच भरू नका.’ बहुतेक जण रागावून फोन ठेवतात. त्यांना वाटतं, हा भाव पाडतोय.