साचेखात्यातलं ऑफिस

आज कामासाठी लोअर परळला गेले. जुन्या गिरणीच्या शेडमधलं ऑफिस. बिडाचे खांब जपलेत, करवतीच्या दात्यांसारखं छप्परही. अशा छपराच्या काचा उत्तरेकडे ठेवत. थेट ऊन न येता साच्यांवर, म्हणजे मागांवर, दिवसभर सारखा उजेड पडावा म्हणून. तोच उजेड आता संगणकांना पुरतो.

इमारत वाचली याचा मनापासून आनंद आहे. पाडून काचेचा मनोरा उभारण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं. पण माणसांचं काय? १८ जानेवारी १९८२ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, तेव्हा सुमारे अडीच लाख कामगार मुंबईच्या गिरण्यांत राबत होते. पुढे गिरण्या बंद पडत गेल्या आणि प्रश्न उरला जमिनीचा. १९९१च्या विकास नियमाने या जमिनीचे तीन वाटे ठरवले: मोकळ्या जागा, परवडणारी घरं आणि मालक. २००१च्या दुरुस्तीने ही वाटणी रिकाम्या जमिनीपुरतीच उरली. शहराचा आणि घरांचा वाटा पार आटला.

जतन म्हणजे नुसते खांब रंगवणं नव्हे. ज्यांनी इथे पाळ्यांमध्ये आयुष्य काढलं, त्यांच्या नातवंडांना याच आवारात काम आणि जवळपास घर मिळायला हवं. तेव्हाच गिरणगाव पुन्हा उभं राहिलं, असं मी म्हणेन.