घाटात पेडल दगड झालं

धारूरचा घाट उतरताना पुढे उसाचा ट्रॅक्टर असला की त्याच्या मागे निमूट चालायचं, दुसरा इलाज नसतो. रस्ता अरुंद, वळणं आंधळी, आणि दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर कुठल्या वळणावर किती जागा घेईल ते त्याच्या ड्रायव्हरलाही सांगता येत नाही. दिवाळीनंतरचा रविवार होता. आम्ही चौघं केजहून माजलगावला सासुरवाडीला निघालो होतो. मी गाडी चौथ्या गेअरमध्ये ठेवली होती आणि ब्रेकवर पाय. थोडा सोडायचा, परत दाबायचा. डिझेल वाचतंय असं मनात होतं, हे कबूल करतो.

निम्म्या घाटात वास आला. आधी वाटलं ट्रॅक्टरचा क्लच जळाला. पुढच्या वळणावर ब्रेक दाबला तर पेडल खाली गेलंच नाही. दगडावर पाय दिल्यासारखं कडक लागलं, आणि गाडी आपली पुढेच. सगळा जोर लावला, तिसरा, मग दुसरा गेअर टाकला, इंजिन ओरडलं, ट्रॉलीतून बाहेर आलेली उसाची वाढी बोनेटपासून हातभर राहिली तेव्हा वेग आवाक्यात आला. रुंद जागा दिसताच गाडी कडेला घेतली. पुढच्या दोन्ही चाकांतून धूर निघत होता, डावीकडून जास्त.

तिथं एक बाई सीताफळांच्या पाट्या मांडून बसल्या होत्या. मी डिकीतून पाण्याची कॅन काढली तशा त्या बसल्या जागेवरून ओरडल्या, "पाणी नका टाकू सर! परवा एकानं टाकलं, तडतड वाजलं सगळं." मी सर आहे हे त्यांना कसं कळलं कोण जाणे. कॅन ठेवून दिली. तापून लाल व्हायला आलेल्या डिस्कवर गार पाणी पडलं तर ती वाकते, कधी तडकते. हे मला ठाऊक होतं, पण त्या क्षणी आठवलं नव्हतं. "वास आला की आम्हाला कळतं," बाई म्हणाल्या, "आता गाडी थांबणार न् पाटी खपणार." अर्धा तास थांबलो आणि एक पाटी घेतली. बालाघाटातल्या या सीताफळाला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालंय. बाईंना त्याचं काही विशेष वाटत नसावं, भाव मात्र त्या हिशेबानंच लावला.

मी शाळेत विज्ञान शिकवतो. नववीला 'कार्य आणि ऊर्जा' हा धडा दरवर्षी फळ्यावर सोडवून देतो. रात्री वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. माणसांसकट गाडी धरली 1,200 किलो. ती 100 मीटर खाली आली की साधारण 11 लाख 76 हजार ज्यूल ऊर्जा कुठंतरी जायला हवी. एवढ्या उष्णतेत 25 अंशांचं पावणेचार लिटर पाणी उकळीला येतं. हे नुसत्या 100 मीटरचं, आणि घाट त्याहून बराच खोल. गाडी खालच्या गेअरमध्ये असती तर यातला मोठा वाटा इंजिननं खाल्ला असता. मी तो सगळा तळहाताएवढ्या चार पॅडवर टाकला. मागे ड्रम आहेत, पण उतारावर वजन पुढे येतं आणि पुढचेच जास्त राबतात. पॅडमधला मसाला बांधून ठेवणारं रेझिन तापलं की वायू सोडतं, पकड सुटते. पेडल कडक आणि गाडी धावते, म्हणजे पॅड हरले. पेडल मऊ होऊन खाली गेलं असतं तर ब्रेक ऑइल उकळलं असं समजायचं.

एवढं समजल्यावर मी काय करावं? पुण्याच्या भाच्याला फोन केला. त्यानं परफॉर्मन्स पॅड सुचवले, रेसवाल्या गाड्यांना असतात त्या घराण्यातले. किंमत साध्या पॅडच्या जवळजवळ तिप्पट. मागवले. बसवायचेही घरीच ठरवलं, कारण घाटात काय झालं हे मेकॅनिकला सांगायची लाज वाटत होती.

रविवारी सकाळी अंगणात काम काढलं. मागच्या चाकांना दगड लावले, हँडब्रेक ओढला, चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच टॉमीनं ढिले केले, मग जॅक. स्टँड नव्हते म्हणून काढलेलं चाक गाडीखाली आडवं सरकवलं. जॅक सटकलाच तर गाडी चाकावर बसेल, माझ्यावर नाही. कॅलिपर सुटला तो तारेनं स्प्रिंगला टांगला. रबरी नळीवर लोंबकळत ठेवला तर नळी आतून फाटते.

दहावीतली मुलगी पॅडसोबत आलेला कागद वाचून दाखवायला बसली होती. कागद बाजूला ठेवून तिनं जुना पॅड हातात घेतला आणि कडेची अक्षरं वाचली: एफएफ. नव्यावर एफजी. ही पॅडची जन्मपत्रिका असते. पहिलं अक्षर गार असतानाची पकड सांगतं, दुसरं तापल्यावरची. एफ म्हणजे घर्षणांक 0.35 ते 0.45, जी म्हणजे 0.45 ते 0.55. "म्हणजे पप्पा, तुम्ही एका अक्षराचे एवढे पैसे दिले?" मी पाना मागितला.

डावीकडचं चाक उघडल्यावर मात्र मी जरा वेळ तसाच उकिडवा बसून राहिलो. आतल्या पॅडवर जेमतेम दोन मिलिमीटर मसाला उरला होता आणि बाहेरच्यावर पाच. दोन्ही सारखे झिजायला हवेत. कॅलिपर ज्या दोन पिनांवर सरकतो त्यातली एक धुळीनं आणि वाळलेल्या ग्रीसनं जाम झाली होती. हलवली तर कुरकुरली, सरकली नाही. म्हणजे डावीकडे आतला पॅड एकटाच राबत होता आणि पाय उचलल्यावरही डिस्कला घासत होता. तिकडून धूर का जास्त, ते आता कळलं. पिन काढली, रॉकेलच्या बोळ्यानं पुसली, सुकवली आणि ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस लावलं. साधं ग्रीस लावलं तर पिनेवरचं रबर फुगतं. बोटानं ढकलली तर लोण्यातून सुरी जावी तशी सरकली. ग्रीसची ट्यूब पॅडच्या मानानं फुकटच म्हणायची.

पिस्टन मागे ढकलायला गल्लीतल्या सुताराचा सी-क्लॅम्प आणला होता. पिस्टनवर जुना पॅड आडवा ठेवून हळूहळू आवळायचा. पिस्टन आत गेला की ऑइल उलटं वर डबीत चढतं. ते काढून घ्यायला जनावरांच्या डॉक्टरांकडून मोठी सिरिंज मागून आणली होती. दुसऱ्या बाजूला ती वापरायची राहिली. डबी वाहिली आणि ऑइल बंपरच्या कडेवर उतरलं. लगेच पाणी मारलं, तरी रुपयाएवढा रंग गेलाच.

चाकं बसली, नट आवळले. हात धुतले, गाडी चालू केली आणि रिव्हर्स टाकला. ब्रेकवर पाय ठेवला तर पेडल थेट तळाला! मागे ढकललेले पिस्टन पॅडपर्यंत यायला पेडल आठ-दहा वेळा दाबावं लागतं. मुलगी ओट्यावरून वाचत होती, "गाडी हलवण्यापूर्वी पेडल..." तोवर मी हँडब्रेक ओढला होता आणि गाडी शेजाऱ्यांच्या कडब्याच्या गंजीत अर्धा फूट शिरली होती. शेजारचे आबा बाहेर आले, गंजीकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं आणि म्हणाले, "ब्रेक नवे टाकलेत म्हणायचं."

नवे पॅड डिस्कवर रुळवावे लागतात. पहाटे मांजरसुंब्याच्या रस्त्यावर गेलो. साठचा वेग घ्यायचा, पंधरावर आणायचा, थांबायचं नाही, परत साठ. दहा वेळा. पॅडचा पातळ थर डिस्कवर सारखा बसावा म्हणून हे करतात. मागून येणाऱ्या काळीपिवळीवाल्याला ते कळायचं कारण नव्हतं. त्यानं शेजारून जाताना काच खाली करून सकाळी सकाळी पिऊन गाडी चालवणाऱ्यांबद्दल मत दिलं.

पुढच्या महिन्यात परत माजलगावला गेलो. घाटाच्या तोंडाशीच दुसरा गेअर टाकला. ज्या गेअरनं चढतो त्याच गेअरनं उतरायचं, हा ट्रकवाल्यांचा जुना नियम. ब्रेकला पाय लागला तो वळणांपुरता. खाली तेलगावला उतरून चाकाजवळ हात नेला, नुसतं कोमट. माझे महागाचे पॅड त्यांच्या दुसऱ्या अक्षरापर्यंत पोचलेच नव्हते, आणि या गाडीत, या गेअरमध्ये, कधी पोचतील असं वाटत नाही. सीताफळवाल्या बाई दिसल्या नाहीत, हंगाम सरला होता.

तापत नाहीत म्हणून नवे पॅड गावात किंचाळतात. अलॉयवर काळी भुकटी बसते ती वेगळीच. संध्याकाळी शाळेतून येताना गल्लीच्या वळणावर ब्रेक ओरडला की बायको चहा ठेवते. किंमत तिनं अजून विचारलेली नाही. मुलीला माहीत आहे.